नवी सर्व्हर ओएस, जुनं रेड कार्ड: डिस्क दिसेनाशी झाली तर काय तपासायचं

सांवेर रोडवरचे कारखाने, सियागंजातल्या घाऊक पेढ्या, पतसंस्था, शाळांची कार्यालयं. इंदुरात अशा ठिकाणी डेलचे आर७१० आणि आर७२०, एचपीचे डीएल३८० जी७ अजून दिवसरात्र चालू आहेत. यंत्रं दणकट आहेत, काम अडत नाही. पण सेंटओएस ७ या लिनक्स ओएसची मुदत ३० जून २०२४ ला संपली, आणि तिथून पुढच्या मालिकेवर जायला निघालं की तीच ती अडचण उभी राहते: सर्व्हर सुरू होतो, डिस्क मात्र नाहीशी. (रेड कार्ड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून ओएसला एकच 'व्हर्च्युअल डिस्क' दाखवणारं कार्ड.) खालच्या तपासण्या फुकटातल्या आणि सोप्यापासून सुरू होतात आणि खर्चिक, जोखमीच्यांकडे जातात. हा क्रम मोडू नका. आज्ञा इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.

लक्षणं

पहिलं आणि सगळ्यांत जास्त आढळणारं: रेड हॅट ८ किंवा ९, रॉकी किंवा त्याच कुळातली ओएस टाकायला घेतली, आणि 'इन्स्टॉलेशन डेस्टिनेशन'च्या पडद्यावर फक्त पेनड्राइव्ह दिसतो. रेडची डिस्क नाही. मात्र सर्व्हर सुरू होताना कार्डाच्या मेनूत व्हर्च्युअल डिस्क 'ऑप्टिमल' दिसते.

दुसरं: सर्व्हर महिनोनमहिने नीट चालला, अपडेट घेतलं, रीबूट केलं आणि पडद्यावर 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट'च्या ओळी धावू लागल्या. शेवटी आणीबाणीचं शेल उघडतं. ग्रबच्या (सुरू होतानाच्या मेनूच्या) यादीतून जुना कर्नल (ओएसचा गाभा) निवडला की सर्व्हर काहीच झालं नसल्यासारखा सुरू होतो. हे लक्षण दिसलं तर अर्धं निदान झालंच म्हणून समजा.

तिसरं: डिस्क दिसते, इन्स्टॉलही होतं, पण थोड्या वेळाने लिहिणं-वाचणं अडकतं. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'डीएमएआर' ने सुरू होणाऱ्या फॉल्टच्या ओळी आणि कार्ड रीसेट झाल्याच्या नोंदी सापडतात.

चौथं: ४ टीबीची नवी डिस्क लावली, दिसते २ टीबीच.

याशिवाय 'नवी ओएस टाकल्यापासून सर्व्हर संथ झाला' ही तक्रार असते. तिचं कारण बहुतेक वेळा ओएस नसते, कार्डावरची बॅटरी असते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

असं का होतं

कर्नलमधल्या प्रत्येक ड्रायव्हरपाशी कार्डांच्या क्रमांकांची यादी असते. कार्डाचा क्रमांक यादीत असेल तरच ड्रायव्हर त्याला हात लावतो. रेड हॅटने २०१९ मध्ये ८ वी आवृत्ती काढताना मेगारेड-सास, एमपीटी३सास, एचपीएसए, एएसीरेड अशा ड्रायव्हरांच्या याद्यांतून बरेच जुने क्रमांक काढून टाकले. ड्रायव्हरची फाइल जागेवर आहे, 'मॉडप्रोब' ही आज्ञा दिली तर ती बिनतक्रार लोडही होते, म्हणूनच माणूस चकतो. ड्रायव्हर आहे, पण या कार्डाला तो ओळखच देत नाही.

म्हणजे कार्ड मेलेलं नाही आणि डेटाही गेलेला नाही. 'डिस्क उडाली असेल' असं समजून कार्डाच्या मेनूत शिरून नवी अ‍ॅरे (डिस्कची नवी जुळणी) बनवली, तर मात्र डेटा खरोखरच जातो. या दोषात सर्वांत मोठं नुकसान याच एका कृतीने होतं.

सुरुवातीला, काहीही करण्याआधी

डेटाची एक प्रत या सर्व्हरच्या बाहेर हवी, आणि ती उघडून पाहिलेली हवी. टॅलीचा फोल्डर नुसता कॉपी झाला म्हणजे बॅकअप झाला असं नाही. दुसऱ्या संगणकावर तो उघडून मागच्या आठवड्यातली एक नोंद पाहा. प्रत नसेल तर खालची दुसरी तपासणी त्यासाठीच वापरा, आणि प्रत हाती आल्यावरच पुढे जा.

१. कार्डाचा स्वतःचा मेनू (पाच मिनिटं, फुकट)

सुरू होताना डेलच्या पर्क कार्डांना कंट्रोल-आर, एलएसआयच्या मेगारेडला कंट्रोल-एच, साध्या एलएसआय एचबीएला (रेड न करता डिस्क नुसत्या जोडणारं कार्ड) आणि पर्क एच२०० ला कंट्रोल-सी, एचपीच्या पी४१० ला एफ८. आत फक्त पाहायचं, काही बदलायचं नाही.

'ऑप्टिमल' असेल तर कार्ड, केबल, डिस्क सगळं शाबूत आहे आणि दोष ओएसच्या बाजूला आहे. 'डिग्रेडेड' असेल तर आधी खराब डिस्क बदला, रीबिल्ड पूर्ण होऊ द्या, ओएसचा विचार नंतर. 'ऑफलाइन' किंवा 'फेल्ड' असेल तर थेट या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा. कार्ड सुरुवातीच्या पडद्यावर येतच नसेल, तर सर्व्हर बंद करून, वीज काढून, कार्ड आणि आतल्या जाड केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा. मे महिन्याच्या धुळीनंतर एवढ्यानेच काम होताना दिसतं.

'फॉरेन कॉन्फिगरेशन' असा संदेश आला तर 'क्लिअर' निवडू नका. 'प्रिझर्व्ह्ड कॅश'चा संदेश आला तर 'डिस्कार्ड' करू नका. वीज गेली तेव्हा डिस्कवर न पोचलेला डेटा तिथे थांबलेला असतो.

२. कार्डाचा क्रमांक वाचा (पंधरा मिनिटं, एक ८ जीबी पेनड्राइव्ह)

पूर्ण लेखातली सगळ्यांत उपयोगी तपासणी हीच. डेबियन किंवा उबुंटूची लाइव्ह आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुरू करा, इन्स्टॉल करू नका. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' द्या. खूप ओळी येतील, त्यांत 'रेड बस कंट्रोलर [०१०४]' किंवा 'सीरियल अटॅच्ड स्कझी कंट्रोलर [०१०७]' अशी ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात असं काही असतं:

[१०००:००७३]

पहिला आकडा बनवणाऱ्याचा: १००० म्हणजे एलएसआय, १०३सी म्हणजे एचपी. दुसरा कार्डातल्या चिपचा. हा जोड-क्रमांकच कार्डाची खरी ओळख आहे. वरच्या स्टिकरवर काही का छापलेलं असेना, निर्णय या आकड्यावरून घ्यायचा. इंदुरातल्या सर्व्हरांत नेहमी भेटणारे:

१०००:००६० म्हणजे पर्क ६/आय. १०००:००७९ म्हणजे पर्क एच७०० आणि मेगारेड ९२६०. १०००:००७३ म्हणजे पर्क एच३१०. १०००:००७२ म्हणजे पर्क एच२०० आणि एलएसआय ९२११-८आय. १०३सी:३२३ए म्हणजे स्मार्ट अ‍ॅरे पी४१० आणि पी४१०आय. हे सगळे रेड हॅट ८ च्या यादीतून वगळलेले. याउलट आर७२० मध्ये भेटणारं पर्क एच७१० किंवा एचपी जी८ मधलं पी४२०आय ८ व्या मालिकेत नेहमीसारखं चालतं. तिथे डिस्क दिसत नसेल तर कारण दुसरं आहे.

त्या ओळीच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का पाहा. लाइव्ह डेबियनमध्ये ती आहे आणि 'एलएसबीएलके'ने डिस्क दिसते, पण तुमच्या नव्या ओएसच्या शेलमध्ये ती ओळच नाही, तर निदान पक्कं: यादीतून नाव कापलेलं आहे.

इथूनच बॅकअपही घेता येतो, फक्त माउंट करताना 'आरओ' (फक्त वाचण्यासाठी) लावा. फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर 'आरओ,नोरिकव्हरी' असं दोन्ही लावा, कारण एक्सएफएस नुसत्या 'आरओ'नेही अपुरं राहिलेलं लॉग डिस्कवर लिहून टाकतं. अशा वेळी आपल्याला डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नसतं.

३. प्रोसेसरला ही ओएस चालते का (दोन मिनिटं, फुकट)

कार्डावर पैसे घालण्याआधी हे पाहा, नाहीतर कार्ड नवं आणि ओएस तरीही सुरू होत नाही अशी गत होते. 'एलएससीपीयू'च्या फ्लॅग्जमध्ये 'एसएसई४_२' आणि 'पॉपसीएनटी' असेल तर ९ वी मालिका चालेल. 'एव्हीएक्स२' असेल तरच रेड हॅट १० चालेल. आर७१० आणि आर७२० या दोहोंत 'एव्हीएक्स२' नाही, म्हणजे त्यांची धाव ९ पर्यंतच. अल्मालिनक्स १० मात्र जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी आवृत्ती देते. डाउनलोड करताना 'व्ही२' लिहिलेली घ्यायची.

४. डिस्क दिसते पण अडकते: आयओएमएमयू (दहा मिनिटं, फुकट)

तिसऱ्या लक्षणासाठी. जुनी कार्डं काही वेळा मेमरीच्या अशा पत्त्यांवर हात घालतात जे त्यांना दिलेले नसतात. आयओएमएमयू (कोणत्या कार्डाने मेमरीचा कोणता भाग वापरायचा यावर पहारा ठेवणारी सोय) बंद असताना ते खपून जायचं. काही नव्या कर्नलांत, उदाहरणार्थ प्रॉक्समॉक्सच्या ६.८ कर्नलमध्ये, इंटेलच्या यंत्रांवर ते आपोआप चालू असतं, आणि मग कर्नल कार्डाला अडवतो.

ग्रबच्या पडद्यावर 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इंटेल_आयओएमएमयू=ऑफ' लिहा, कंट्रोल-एक्स. हा बदल एका बूटपुरताच राहतो, म्हणून निर्धास्त करून पाहा. तासभर मोठ्या फाइली कॉपी करून डीएमएआरच्या ओळी थांबल्या, तर तोच बदल ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा करा. किंमत एवढीच की व्हर्च्युअल मशीनला एखादं कार्ड थेट देता येणार नाही.

ओळी नसतील आणि रीसेट फक्त दुपारीच होत असतील, तर उष्णता पाहा. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली असतात. साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये लावलेलं कार्ड इंदूरच्या मे महिन्यात, बाहेर चाळिशी ओलांडलेली आणि खोलीचा एसी बंद असताना, हमखास तापतं. हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवा.

५. अपडेटनंतर बंद पडतो: बाहेरून आणलेला ड्रायव्हर (अर्धा तास, फुकट)

पुन्हा पुन्हा फोन येतो तो याच दोषासाठी. कोणीतरी कधीतरी एलरेपो या बाहेरच्या भांडारातला केमॉड (कर्नलला जोडायच्या ड्रायव्हरचा पॅकेज) टाकून कार्ड चालतं केलेलं असतं, आणि ते करणारा नोकरी सोडून गेलेला असतो. केमॉड एका ठरावीक उप-आवृत्तीच्या कर्नलशी जुळवून बनवलेला असतो. ८.९ वरून ८.१० वर गेलं की कर्नल आतून बदलतो, जुना केमॉड जुळत नाही, आणि बूटसाठी बनणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये (सुरुवातीलाच लोड होणाऱ्या फाइलमध्ये) ड्रायव्हरच जात नाही.

ग्रबमधून जुना कर्नल निवडून सुरू करा. सुरू झाल्यावर पहिलं काम: डीएनएफच्या (अपडेट आणणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिग फाइलमध्ये 'एक्सक्लूड=कर्नल*' लिहा. का? तिथे 'इन्स्टॉलओन्ली_लिमिट' साधारण ३ असते, म्हणजे डीएनएफ तीनच कर्नल ठेवतो. आणखी अपडेटं झाली की, चालू असलेला सोडून, बाकीचे जुने कर्नल यादीतून ढकलले जातात आणि परतीचे रस्ते कमी होतात.

मग नव्या उप-आवृत्तीसाठीचा केमॉड घ्या. पॅकेजच्या नावात 'ईएल८_१०' असं लिहिलेलं असतं, तेच तुमच्या आवृत्तीशी जुळलं पाहिजे. टाकल्यावर 'ड्रॅकट -एफ --केव्हर' पुढे नव्या कर्नलचं नाव देऊन इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. आता रीबूट करू नका. आधी 'एलएसइनिटआरडी' त्या फाइलवर चालवून मेगारेड-सास किंवा तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर आत आहे का, आणि तो 'एक्स्ट्रा' किंवा 'वीक-अपडेट्स' फोल्डरातला आहे का, ते बघा. कर्नलचा मूळ ड्रायव्हरच आत दिसत असेल तर काम झालेलं नाही, कारण त्याच्याच यादीत तुमचं कार्ड नाही. दोन मिनिटांची ही खात्री रविवारची सकाळ वाचवते. सिक्युअर बूट चालू असेल तर एलरेपोची चावी नोंदवावी लागते किंवा सिक्युअर बूट बंद करावं लागतं. नाहीतर ड्रायव्हर असूनही कर्नल त्याला नाकारतो.

कर्नल कायमचा अडवून ठेवणं हा उपाय नाही. त्याने सुरक्षेचे अपडेटही थांबतात. पुढचं पाऊल उचलेपर्यंतची ती सोय आहे.

६. ज्या ओएसने कार्ड सोडलेलं नाही ती घ्या (अर्धा दिवस, फुकट)

आमचं स्पष्ट मत: नव्याने टाकत असाल तर केमॉडच्या वाटेला जाऊच नका. अल्मालिनक्सने ८.१० आणि ९.४ पासून (दोन्ही मे २०२४) मेगारेड-सास, एमपीटी३सास, एमपीटीसास, एचपीएसए, एएसीरेड या ड्रायव्हरांच्या याद्यांत जुने क्रमांक परत घातले आहेत. वापरायला रेड हॅटसारखंच, अपडेटनंतर केमॉडची धास्ती नाही. रेड हॅटसारखंच हवं असा आग्रह नसेल तर डेबियन किंवा उबुंटूही ही कार्डं चालवतात.

रेड हॅट किंवा रॉकीच हवी असेल, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर विकणारा त्याच नावावर अडून बसला असेल, तर एलरेपोची ड्रायव्हर डिस्क दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, तिला 'ओईएमडीआरव्ही' हे लेबल द्या. इन्स्टॉलर ती आपोआप शोधतो. नाही सापडली तर बूटच्या ओळीत 'इन्स्ट.डीडी' लिहा. त्यानंतर प्रत्येक उप-आवृत्तीला वरची पाचवी तपासणी करण्याची तयारी ठेवा.

विंडोज सर्व्हर असेल तर सेटअपमधल्या 'लोड ड्रायव्हर'ला आयएनएफ, सिस आणि कॅट या तिन्ही फाइली एका फोल्डरात लागतात. ईएक्सई दाखवून उपयोग नाही. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयबाबत वेळ घालवू नका: २०२० मध्ये आलेल्या ७.० ने जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर पूर्णच बंद केले, आणि त्यांवर चालणाऱ्या कार्डांना तिथे वाट नाही.

७. बॅटरी आणि डिस्कचा आकार

कार्डाची बॅटरी मेली की लिहिण्याची कॅश बंद होते, कार्ड 'राइट-थ्रू'वर (प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहिण्यावर) येतं आणि सर्व्हर रडतखडत चालू लागतो. मेनूत 'फोर्स राइट-बॅक' असा पर्याय असतो. तो निवडू नका. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसने साथ सोडली, की कॅशमधला डेटा उडतो, आणि मग बिघडते ती पूर्ण फाइल सिस्टिम. बॅटरी बदला, फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका.

पर्क ६/आय आणि एसएएस१०६८ई चिपच्या कार्डांना डिस्कचा २ टीबीच्या वरचा भाग दिसतच नाही. यावर कोणताही ड्रायव्हर किंवा फर्मवेअर उपाय नाही, कार्डच बदलावं लागतं. जुन्या कार्डांसाठी डिस्क घेताना '५१२ई' (५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारी) घ्या, '४केएन' (फक्त ४ केबीचे सेक्टर दाखवणारी) नको. आणि २ टीबीहून मोठ्या डिस्कवरून जुन्या बायोसने बूट करायचं असेल तर जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) करून १ एमआयबीचं 'बायोस बूट' पार्टिशन ठेवा.

८. कार्ड बदलणं

आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जुन्या सर्व्हरांच्या व्यापाऱ्याकडे कार्ड घेताना नावावर जाऊ नका. लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या आणि 'भिया, जरा लावून दाखवा' म्हणून क्रमांक डोळ्यांनी वाचूनच पैसे द्या. साध्या एचबीएसाठी एलएसआय ९२०७-८आय किंवा ९३००-८आय बघा. ९२०७ ला जुन्याच एसएफएफ-८०८७ केबली चालतात. ९३०० ला एसएफएफ-८६४३ ते ८०८७ केबल वेगळी घ्यावी लागते; ती नसल्याने कार्ड आठवडाभर डब्यातच पडून राहतं.

आर७१० च्या अंतर्गत स्टोरेज स्लॉटमध्ये डेलबाहेरचं कार्ड लावलं तर सर्व्हर 'इनव्हॅलिड पीसीआयई कार्ड' म्हणून थांबतो. तेच कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये चालतं, केबल लांब घ्या.

आणि हे नीट समजून घ्या: रेड कार्डावर बनवलेली अ‍ॅरे साध्या एचबीएवर तशीच उघडेल अशी आशा धरू नका. एच७०० वरची अ‍ॅरे एच७१० मध्ये 'इम्पोर्ट' करता येते, कारण दोन्ही एकाच घराण्यातली. पण रेडवरून एचबीएवर जाणं म्हणजे सगळ्या डिस्क रिकाम्या करून बॅकअपमधून डेटा परत भरणं, हे धरूनच वेळ ठरवा.

पर्क एच३१० ला दुसरं फर्मवेअर चढवून एचबीए बनवण्याची पद्धत आहे. ती चालते, पण मध्येच वीज गेली तर कार्ड गेलं. शिवाय अ‍ॅरेची माहिती त्या कार्डाला नंतर समजत नाही. डिस्कवर डेटा असलेल्या, कामावरच्या सर्व्हरवर हे करू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डिस्कमधून टक्-टक् आवाज येतो आहे. रेड ५ मधल्या दोन डिस्क एकदम गेल्या आहेत. व्हर्च्युअल डिस्क 'ऑफलाइन' आहे. 'एक्सएफएस_रिपेअर' तुम्हाला 'एल' पर्याय वापरायला सांगतो आहे. कार्डाजवळ जळका वास आहे. किंवा, वरचं काहीही नसलं तरी, डेटाची ही एकमेव प्रत आहे आणि दुसऱ्या तपासणीनेही ती बाहेर काढता आलेली नाही. यांपैकी एकही गोष्ट असेल तर सर्व्हर बंद करा आणि बंदच ठेवा. रीबिल्ड नको, 'एकदा चालू करून बघू' नको. अशा डिस्कचं प्रत्येक सुरू होणं डेटा परत मिळण्याची शक्यता कमी करतं. हे काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं आहे, संगणक दुरुस्तीच्या दुकानाचं नाही.

डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर मार्करने स्लॉटचा क्रमांक लिहा, शून्यापासून. क्रम हरवला तर रिकव्हरीवाल्याचं काम कैक पटींनी वाढतं. बोलावलेल्या माणसाला फोनवरच पाच गोष्टी सांगा: कार्डाचा जोड-क्रमांक, ओएस आणि कर्नलची आवृत्ती, रेडचा प्रकार आणि डिस्कची संख्या, शेवटचा चालू असलेला दिवस, आणि त्यानंतर कोणी काय-काय दाबलं. शेवटची गोष्ट लपवू नका. चुकून 'क्लिअर' किंवा 'इनिशियलाइझ' झालं असेल तर तेच सगळ्यांत आधी सांगा, कारण त्यावरूनच ते पुढची पद्धत ठरवतात.